चार तासांचा एक फोटो

दिवाळी सरली की आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते. नोव्हेंबर-डिसेंबरात गावी जाणे झाले तर रात्री आठ-नऊच्या सुमारास, चंद्र नसताना, मुलाबाळांना घेऊन अंगणात उभे राहा आणि मान वर करा. डोक्यावरून थोडे उत्तरेकडे, देवयानी तारकासमूहात, बोटाने पुसल्यासारखा एक धूसर ठिपका दिसेल. तो ढग नव्हे. आपल्या आकाशगंगेसारखीच ती अब्जावधी ताऱ्यांची दुसरी वसाहत आहे. तिला देवयानी दीर्घिका म्हणतात. तिथून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो.

शेकडो वर्षे लोकांनी हा ठिपका पाहिला. दुर्बिणी आल्या, तरी धुके ते धुकेच राहिले. त्या धुक्यात दडलेला आकार जगाला दाखवला तो कोणा विद्यापीठातल्या पंडिताने नव्हे, तर बांधकामाच्या धंद्यातल्या एका माणसाने. त्याचे नाव आयझॅक रॉबर्ट्स.

रॉबर्ट्सचा जन्म १८२९ साली ब्रिटनमधील वेल्स प्रांतात एका शेतकऱ्याच्या घरी झाला. पंधराव्या वर्षी तो लिव्हरपूल शहरात इमारती बांधणाऱ्या एका व्यावसायिकाकडे उमेदवारीला लागला. दिवसा काम आणि रात्रीच्या वर्गात शिक्षण, असे करून त्याने राहिलेला अभ्यास भरून काढला. पुढे त्याने स्वतःचा धंदा उभारला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १८७८ साली, एक दुर्बीण घेतली. १८८५ साली लिव्हरपूलजवळच्या मघल गावात त्याने २० इंची आरशाची मोठी दुर्बीण बसवली. तिचे मुख्य काम होते फोटो घेणे.

आता कोणी विचारील, डोळ्याला जे दिसत नाही ते फोटोत कसे उतरते? डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. क्षणाक्षणाला जुने चित्र पुसतो आणि नवे घेतो. फोटोच्या काचेचे तसे नाही. तिच्यावरच्या चांदीच्या क्षारांच्या थरावर प्रकाश पडत गेला की तो साचत जातो. पागोळीखाली भांडे ठेवावे आणि थेंबाथेंबाने ते भरावे, तसाच हा प्रकार. पूर्वी ओल्या काचा वापरीत, त्या काही मिनिटांतच वाळून निकामी होत. कोरड्या काचा निघाल्या तेव्हा तासन्‌तास प्रकाश साठवणे शक्य झाले.

पण एक अडचण होतीच. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकते. दुर्बीण जागच्या जागी ठेवली तर ताऱ्यांच्या रेघा उमटतील. म्हणून तिला घड्याळासारखे यंत्र लावून आकाशाबरोबर फिरवावे लागते. यंत्रही थोडे चुकतेच. तेव्हा एका ताऱ्यावर नजर रोखून, तो जरा हलला की दुर्बीण हलक्या हाताने सावरावी लागते. भर थंडीत, अंधारात, तासन्‌तास.

२९ डिसेंबर १८८८ च्या रात्री रॉबर्ट्सच्या वेधशाळेत देवयानीचा असाच एक फोटो घेतला गेला. काच उघडी होती सुमारे चार तास. ती धुतली तेव्हा धुक्याच्या जागी उजळ गाभा, त्याभोवती फिरलेले फाटे आणि त्यांमधल्या काळ्या पट्ट्या उमटल्या होत्या. १८९५ साली रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने रॉबर्ट्सला सुवर्णपदक दिले.

रॉबर्ट्सला मात्र वाटले की ही आपल्यासारखी एक सूर्यमालाच जन्माला येत आहे. ते चूक होते. १९०४ साली तो वारला. पुढे १९२३ साली अमेरिकेत एडविन हबलने १०० इंची दुर्बिणीने फोटो घेऊन देवयानीतला एक बदलता तारा शोधला आणि त्यावरून दाखवून दिले की ही वसाहत आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर आहे. रॉबर्ट्सचा अर्थ चुकला, पण त्याची काच चुकली नाही. जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले, म्हणून ते आजही खरे आहे.

२० इंची दुर्बीण पैसेवाल्याचीच, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. म्हणून अलीकडची गोष्टही सांगतो. इटलीतले हौशी आकाशनिरीक्षक ज्युसेप्पे दोनातिएल्लो यांची दुर्बीण होती अवघी १२७ मिलिमीटरची, म्हणजे पाच इंचांची. देवयानीचे आपणच पूर्वी काढलेले फोटो २०१६ साली ते बारकाईने पुन्हा तपासत होते. त्यात त्यांना एक अगदी पुसट डाग दिसला. मोठ्या दुर्बिणींनी पडताळणी झाली. ती एक नवी बटू दीर्घिका निघाली, देवयानीच्याही कितीतरी पलीकडची! आज तिला दोनातिएल्लो-१ म्हणतात.

आता काचा गेल्या, डिजिटल कॅमेरे आले. अनेक फोटो घेऊन संगणकावर एकावर एक बसवतात. खरा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, म्हणून तो उठून दिसतो. कॅमेऱ्याचे खोटे ठिपके दर वेळी जागा बदलतात, ते फिके पडतात. रीत जुनीच आहे: थोडे थोडे साठवा आणि घाईने निकाल देऊ नका.

घरात कोणाकडे साधा कॅमेरा असेल तर तो स्टँडवर घट्ट बसवून पाच-पाच सेकंदांचे फोटो घेऊन पाहा. मुंबईच्या दिव्यांत हे जमणे कठीण, पण गावच्या अंधारात जमेल. कॅमेरा नसला तरी मुलांना तो ठिपका तेवढा दाखवा. तो नेमका काय आहे, हे शोधायला जगाला किती रात्री जागाव्या लागल्या, तेही सांगा.