नोड म्हणजे मायनिंग नव्हे

बिटकॉइनचा नोड चालवायचा तर महागडी यंत्रं आणि भरमसाट वीजबिल, असा समज सर्रास आढळतो. ते वर्णन मायनिंगचं (व्यवहारांचा नवा ब्लॉक, म्हणजे गठ्ठा, जोडण्याच्या स्पर्धेचं) आहे. नोड हा भिशीच्या वहीची स्वतःची प्रत ठेवून प्रत्येक नोंद ताडून पाहणाऱ्या सभासदासारखा. त्याला मोबदला मिळत नाही, पण दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही, आणि माझ्या मते हेच मोलाचं. साधा संगणक पुरतो. अडतं ते डिस्कपाशी: २००९पासूनच्या सगळ्या बिटकॉइन व्यवहारांची नोंदवही ६०० जीबीपुढे गेली आहे, म्हणून १ टीबीची एसएसडी घ्यावी, जुन्या हार्डडिस्कवर पहिली पडताळणी फार रेंगाळते. प्रूनिंगने (तपासलेले जुने ब्लॉक पुसून) जागा वाचते, तरी सुरुवातीला सगळं डाउनलोड करावंच लागतं. त्यासाठी डेटामर्यादा नसलेलं ब्रॉडबँड हवं.