केसपेपरवरील पत्ता

समाजकार्य, समाजशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुले-मुली दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास आमच्या युनियनच्या कचेरीत येतात. हातात छापील फॉर्म असतो आणि पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "सर, अभ्यासाला काही साहित्य मिळेल का?" आम्ही रात्रशाळेत शिकलेली माणसे. आमच्या कपाटात पावतीपुस्तके आणि कोर्टाचे कागद जास्त. तथापि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जो विद्यार्थी उद्या रुग्णालयात समाजसेवक म्हणून बसणार, तो कशावरून शिकला यावर परळ-लालबागच्या कित्येकांचे औषधपाणी अवलंबून आहे.

या शहराला हे शिक्षण नवे नव्हे. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे शहराची योजना आखण्याआधी ते पायी हिंडून पाहावे, असे आग्रहाने सांगणारे गृहस्थ होते. पुढे १९३६ साली नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी समाजकार्याची शाळा सुरू केली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आपल्या देशातल्या रुग्णालयातील पहिला वैद्यकीय समाजसेवक १९४६ साली नेमला गेला, तोही भायखळ्याच्या जे. जे. मध्ये. म्हणजे या विद्येची पाळेमुळे आमच्याच गल्ल्यांत आहेत. अडचण एवढीच की गल्ल्यांविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक इंग्रजीत, आणि गल्लीतल्या माणसाने ते क्वचितच वाचले.

आम्ही मुलांपुढे प्रथम चार आकडे ठेवतो. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या दर हजार मुलांमागे वर्षाच्या आत किती दगावली, याचा हिशेब बिऱ्हाडाच्या खोल्यांप्रमाणे लावलेला आहे. चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३, तीन खोल्यांच्या १९१, दोन खोल्यांच्या ३२२, आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८. हा शेवटचा आकडा ऐकला की वर्ग गप्प होतो.

मग आम्ही विचारतो, असे का? उत्तर येते : खोली लहान, हवा कोंदट. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. एका खोलीत राहणारा कोण? ज्याला दुसऱ्या खोलीचे भाडे परवडत नाही तो. त्या घरची बाई बाळंतपणानंतर लवकरच गिरणीत परत जाई, कारण खाड्याचा पगार कापला जाई. प्रसूतिकाळात पगारी रजा देणारा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली आला. तोवर आई कामावर गेली की मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी चारीत. खोलीमागे मजुरी आहे, हे एवढ्यावरून ध्यानात येते.

पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मुलांना कोकणातल्या म्हाताऱ्याच शिकवू शकतात. गिरणगावातल्या पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात. मूल जन्मे रत्नागिरीकडे, नोंद तिकडची, किंवा कुठलीच नाही. चार महिन्यांनी मूल मुंबईत येई आणि दगावले तर मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत चढे. जन्म मोजायचे राहिले नि मृत्यू मोजले, की हजारी प्रमाण फुगणारच. म्हणून ८२८ हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. त्याने एका खोलीचे दुःख कमी होत नाही. फक्त आकडा वाचताना चाळीतल्या माणसाला शेजारी बसवावे लागते. आमच्या मते पाठ्यपुस्तकांत नेमकी हीच जागा रिकामी आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक विद्यार्थिनी क्षयाच्या रुग्णांची यादी घेऊन आली. त्यात लालबागच्या एका चाळीत राहणारा कंत्राटी सफाई कामगार होता. औषध बंद होऊन महिना उलटला होता. ती दोनदा पत्त्यावर जाऊन आली होती आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पत्त्यावर राहत नाही, उपचार सोडला' असे लिहून मोकळी होणार होती. आम्ही पत्ता पाहिला आणि तिला थांबविले. ती गावाची खोली होती.

गावाची खोली म्हणजे काय, हे तिच्या पुस्तकांत नव्हते. एका गावच्या पुरुषांनी वर्गणीतून घेतलेली ती खोली. धोबीतलावाला गोंयकारांच्या कुडी आहेत, त्याच जातीची ही व्यवस्था. गिरण्या चालू असताना एका पाळीचा माणूस उठे नि दुसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा होई, जेवण खानावळीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक बंद पडल्या, आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. पण अशा खोल्या काही ठिकाणी अजून आहेत. तिथे कुटुंबप्रमुख नसतो आणि फॉर्ममध्ये तर त्याचाच रकाना पहिला. असते एक वर्गणीची वही, भिंतीशी रचलेल्या ट्रंका आणि गुंडाळलेल्या वळकट्या.

रविवारी संध्याकाळी, वर्गणी गोळा होण्याच्या वेळी, आम्ही तिला घेऊन गेलो. तिने पुन्हा तेच विचारले, "ते इथे राहतात का?" तीन-चार जण एकदम म्हणाले, "नाही." ती आमच्याकडे पाहू लागली. मग आम्ही विचारले, "त्याची ट्रंक कुठली?" एका म्हाताऱ्याने कोपऱ्यातली हिरवी ट्रंक दाखविली. कुणी खोटे बोलले नव्हते. खोकला वाढल्यावर पोरांना लागण नको म्हणून तो स्वतःच वळकटी उचलून कामाच्या ठिकाणच्या गोदामात निजायला गेला होता. रात्रपाळी सुटून तो झोपे तेव्हा औषधाचे केंद्र उघडे असे, आणि जागा होई तेव्हा बंद. वर्गणी मात्र चुकवीत नव्हता.

तो त्याच रात्री आठ वाजता आला. सहा आठवड्यांचा खंड पडला होता. अशा खंडात औषधाला न जुमानणारा क्षय होण्याचा धोका असतो, म्हणून थुंकीची तपासणी पुन्हा करावी लागली. सुदैवाने नेहमीच्या गोळ्या लागू पडत होत्या. गोळ्यांचे पाकीट खानावळवाल्या बाईंकडे ठेवायचे ठरले, कारण दिवसातून एकदा तो तिथे येईच. हे त्या बाईंनीच सुचविले.

परत येताना मुलीने जिन्याच्या दिव्याखाली फॉर्म उघडला. पत्त्यासाठी एकच ओळ होती. तिने त्या ओळीत खोलीचा क्रमांक लिहिला, समासात गोदाम लिहिले, आणि कागद उलटून पाठीमागे खानावळ, बाईंचे नाव व जेवणाची वेळ.