परदेशातले पैसे, आपल्या नावावर

मैत्रिणींनो, घरात बसून चार पैसे मिळवणाऱ्या बायका आपल्यात काही आजच्या नाहीत. कुणी पापड-कुरडया करतं, कुणी ब्लाउज शिवतं, कुणी शिकवण्या घेतं. फरक इतकाच झालाय, की गिऱ्हाईक आता शेजारच्या आळीतलं राहिलेलं नाही. आमच्या सांगलीतल्या एकजणी क्रोशाचे नमुने काढून, समजावून लिहून विकतात. घेणाऱ्या बायका कॅनडातल्या. दुसऱ्या एक हार्मोनियम शिकवतात, त्यांचे शिष्य दुबईत. मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका. आठवडाभर शाळा, आणि रविवारी पहाटे पाच वाजता, घरात सगळे झोपलेले असताना, न्यू जर्सीतल्या मुलांना मराठी शिकवते. तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ असते. शिवाय बाराखडीच्या सरावाच्या चित्रफिती आणि घरी छापून घ्यायची पानं केली आहेत, ती पाच डॉलरला एक संच अशी जातात.

हे सुरू झालं २०२० च्या टाळेबंदीत, मावसबहिणीच्या दोन मुलांपासून. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा गावोगाव आहेत, तिथे मुलं आठवड्यातून एकदा जातात, पण घरी सराव घ्यायला आईला वेळ नाही. दोनाची अकरा मुलं झाली. मग प्रश्न आला, पैसे घ्यायचे कसे?

तेव्हा आम्ही जे केलं ते तुमच्यापैकी पुष्कळजणी करत असतील, म्हणून सांगते. माझे दीर शिकागोजवळ असतात. हे म्हणाले, "सगळ्यांना दादाच्या खात्यात भरायला सांग, तो येईल तेव्हा आणेल." सोयीचं वाटलं. भाऊजी कुणाचा एक पैसा ठेवून घेणाऱ्यातले नव्हेत, पण दोन वर्षं झाली, तरी "भाऊजी, माझे किती जमले हो?" असं विचारायला माझी जीभ रेटेना. आणि एका पावसाळ्यात दोघा भावांचं फोनवर बोलणं झालं आणि त्या पैशातून गावाकडच्या घराचे पत्रे बदलले गेले. पैसे वाया गेले नाहीत, घरालाच लागले. पण मला कुणी विचारलं नव्हतं. पत्रे बसल्यावर मला कळलं.

त्याच वर्षी आमच्या सीएंनी विचारलं, "वहिनी, ही मिळकत तुमची म्हणता, मग ती कागदावर कुठे आहे?" मी इथे राहते, काम इथे करते, तेव्हा पैसे अमेरिकेतून आले तरी ते माझं इथलंच उत्पन्न. पण खातं भाऊजींचं. म्हणजे तिकडचं सरकार उद्या त्यांना विचारणार, हे कसले पैसे? आणि इथे माझ्याकडे दाखवायला चिठोरंसुद्धा नाही. त्या दिवशी ठरवलं, की पैसे माझ्या नावाने माझ्या खात्यात यायला हवेत.

मग कोणती सेवा घ्यावी याचा शोध सुरू झाला. पहिल्यांदा मीही आपल्या सगळ्यांसारखंच केलं, जिथे 'फी' कमी दिसली तिकडे गेले. ही चूक करू नका. दूधवाला दोन रुपये कमी घेतो म्हणून आपण खूश होतो आणि सायीवरून कळतं पाणी किती ते. इथे पाणी असतं डॉलरच्या भावात. बाजारात डॉलरचा जो भाव चालू असतो तो तुम्हाला मिळेलच असं नाही. बऱ्याच सेवा त्यात तीन-चार टक्के आपले कापतात आणि ते 'फी' या नावाखाली कुठे दिसत नाही.

हिशेब मांडूनच दाखवते. समजा बाजारभाव ९० रुपये आहे आणि तुम्हाला १०० डॉलर यायचे आहेत. एक सेवा शेकडा साडेचार डॉलर घेते, वर दर व्यवहाराला ३० सेंट, आणि भाव चार टक्के कमी देते. उरले ९५ डॉलर २० सेंट, भाव ८६ रुपये ४० पैसे. हातात ८,२२५ रुपये. दुसरी सेवा दोन डॉलर उघडपणे घेते आणि भाव बाजाराचाच देते. हातात ८,८२० रुपये. एका मुलाच्या फीमागे सहाशे रुपयांचा फरक! तिसरा मार्ग बँकेतून बँकेत तारेने पैसे पाठवण्याचा. त्यात मधल्या बँका ठरावीक रक्कम कापतात. समजा सगळे मिळून २० डॉलर गेले आणि भाव ८९ मिळाला, तर ७,१२० रुपयेच येतील. पण तेच १,००० डॉलर एकदम आले तर? तारेने ८७,२२० रुपये येतात आणि पहिल्या सेवेने ८२,४८६. म्हणजे मोठी रक्कम क्वचित येत असेल तर ठरावीक कपात परवडते, लहान रकमा वरचेवर येत असतील तर टक्केवारी. आणि माझ्या पाच डॉलरच्या संचासारख्या चिल्लर विक्रीत ते ३० सेंटच जड जातात. टक्केवारी धरून दहावा हिस्सा तिथेच गेला. म्हणून मी आता एकेक संच विकत नाही, चार मिळून देते.

आता नावांबद्दल थोडं. पेपालने भारतातल्या भारतातले व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, पण परदेशातून पैसे घेण्यासाठी ते चालू आहे. तिकडच्या लोकांच्या ते ओळखीचं, त्यामुळे अनोळखी गिऱ्हाईकही बिनधास्त पैसे भरतं. पण कपात एकूण जास्त, आणि गिऱ्हाईक १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतं, हेही ध्यानात ठेवा. वाइजचं वैशिष्ट्य म्हणजे भाव बाजाराचा आणि फी वेगळी लिहिलेली. पैसे पाठवणाऱ्याचं तिथे खातं लागतं, पण इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या आपल्या लोकांकडे ते बहुधा असतंच. पैसे देणारी एखादी कंपनी असेल तर पेओनियर बरं पडतं. रेझरपेसारख्या आपल्याकडच्या सेवांतून परदेशी कार्डाने पैसे घेता येतात. स्ट्राइपचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच. त्यांनी २०२४ मध्ये भारतातली नवी खाती निमंत्रणावरच द्यायची असं ठरवलं, तेव्हा त्याच्यामागे आठवडा घालवण्याआधी चौकशी करा.

एक मार्ग पुष्कळांना ठाऊक नसतो. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, आखातातले काही देश अशा दहा देशांतल्या आपल्या लोकांना तिकडच्या मोबाइल नंबरावर यूपीआय वापरायची मुभा २०२३ मध्ये मिळाली; इथल्या बँकेत त्यांचं एनआरआय खातं मात्र हवं. माझ्या अकरा घरांपैकी तिघांचं निघालं. त्यांचे पैसे रुपयांतच येतात, डॉलरच्या भावाची कटकटच नाही.

यूट्यूबवर पाककृती दाखवणाऱ्या मैत्रिणींना सेवा निवडायचा प्रश्नच येत नाही. १०० डॉलर जमले की गूगल बँकेत पाठवतं. पण तिथे अमेरिकेच्या कराचा एक फॉर्म असतो तो भरायचा राहू देऊ नका. भरला तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे मिळालेल्या पैशावरच १५ टक्के कापतात. नाही भरला तर सगळ्या जगातल्या मिळकतीवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

आता माझी फजिती. सेवा निवडली, अर्ज भरला, पहिल्या महिन्याचे पैसे आले आणि पाच आठवडे अडकून राहिले. का? तर पॅनकार्डावर माझं माहेरचं नाव, बँकेच्या पुस्तकावर सासरचं. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं वडिलांचं नावही जातं, आणि माझं तर तांदळात लिहिलेलं पहिलं नावही बँकेत लागलं आहे! तिकडच्या यंत्राला ह्या तीन वेगळ्या बायका वाटल्या. फोनवर माणूस मिळेना, पत्राला ठरलेलं छापील उत्तर येई. शेवटी लग्नाचा दाखला लावून आधी पॅन दुरुस्त केलं, मग बाकीचं झालं. तेव्हा कुठलीही सेवा घेण्याआधी एका संध्याकाळी आधार, पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. लग्नाचा दाखला सापडत नसेल तर तो आधी शोधा.

दुसरं, पैसे आले की परकीय चलन मिळाल्याचा दाखला त्या सेवेकडून किंवा बँकेकडून मागून घ्या आणि फायलीत लावा. पैसे कशासाठी आले याचा एक पर्पज कोड विचारतात, तिथे 'घरच्यांची भेट' वगैरे लिहू नका. शिकवणी तर शिकवणी. खोटं लिहिलं की पुढे निस्तरणं कठीण. सेवेवरच्या जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे लागत नाही, तरी सीएंना एकदा विचारा. आणि एखाद्या अनोळखी माणसाने 'चुकून जास्त पैसे गेले, उरलेले दुसऱ्या खात्यात परत पाठवा' असं लिहिलं, तर मुळीच पाठवू नका. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात.

एवढं करूनही मनाची खात्री नसेल तर शितावरून भाताची परीक्षा करा. ओळखीच्या एखाद्या घराला दोन वेगळ्या मार्गांनी दहा-दहा डॉलर पाठवायला सांगा आणि पासबुकात किती उतरले ते बघा. जाहिरातीत काय लिहिलंय ते वाचण्यापेक्षा हे बरं.

सगळ्यांत अवघड काय होतं सांगू? भाऊजींना सांगणं. राग येईल, विश्वास नाही असं वाटेल, या धास्तीत मी दोन महिने घालवले. मग सरळ लिहिलं, "भाऊजी, सीए म्हणतात पैसे माझ्या खात्यात यायला हवेत. तुम्हालाही तिकडे करात अडचण नको. पुढच्या महिन्यापासून मी पालकांना नवा पत्ता देते. आतापर्यंतचा हिशेब सवडीने कळवा." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "बरं झालं वहिनी, मलाच कळत नव्हतं हे कसं लिहून ठेवायचं."

दिवाळीत ते आले तेव्हा चॉकलेटांबरोबर एक वहीचं पान घेऊन आले, महिन्यावार लिहिलेलं. पत्र्यांची रक्कम खाली वेगळी, 'वहिनींना देणे' अशी. माझ्या डायरीशी ताडून पाहिलं, तर त्यांच्या पानावर चाळीस डॉलर जास्त निघाले. कोणत्या मुलाचे ते आम्हाला दोघांनाही अजून सापडलेलं नाही.