दुकानाचा संघ आणि खेळाडूची ओळख : १९७५ ची डेल मार स्केटबोर्ड स्पर्धा – एक अभ्यास

प्रस्तावना :

खेळांचे वैयक्तिक आणि सांघिक असे वर्गीकरण सर्वपरिचित आहे. स्केटबोर्डिंग हा खेळ यांपैकी पहिल्या वर्गात मोडतो. चार चाकांच्या फळीवर एका वेळी एकच खेळाडू उभा राहतो. तोल त्याने एकट्याने सांभाळायचा असतो आणि पडला तर तोच पडतो. असे असूनही या खेळाच्या जडणघडणीत संघांचा वाटा मोठा आहे. विशेष म्हणजे हे संघ शाळेचे, शहराचे किंवा देशाचे नव्हते. ते फळ्या बनविणाऱ्या कंपन्यांचे आणि फळ्या विकणाऱ्या स्थानिक दुकानांचे होते.

महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना सर्वस्वी परकी वाटू नये. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ ही संघांची नावे आहेत. कुस्तीसाठी उभी राहिलेली पेठेतील तालीम तेथे फुटबॉल संघाचे घर झाली. कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या, म्हणजे सर्फबोर्ड, विकणारे दुकान अशाच रीतीने स्केटबोर्ड संघाचे घर झाले. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. तालीम ही लोकांच्या आधारावर चालते, तर दुकान नफ्यावर. या फरकाचे परिणाम प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहेत.

उद्दिष्टे :

१. वैयक्तिक खेळात दुकानांचे संघ का निर्माण झाले, हे समजून घेणे.
२. १९७५ च्या डेल मार स्पर्धेतील झेफर संघाच्या कामगिरीचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. दुकान-संघाच्या मर्यादा आणि त्याचे आजचे स्थान यांचा विचार करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

स्केटबोर्ड हे सर्फिंगचे अपत्य होय. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॅल सर्फ या सर्फ-दुकानाने स्केटबोर्ड विक्रीस ठेवले. १९६३ मध्ये हर्मोसा बीच येथे स्केटबोर्डची पहिली मानली जाणारी स्पर्धा भरली. तेव्हापासूनच उत्पादकांनी चांगल्या मुलांना एकत्र करून त्यांना आपल्या नावाचे सदरे दिले व स्पर्धेत उतरविले. जाहिरातीचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होता.

पुढे १९६५ च्या अखेरीस या खेळाची लाट ओसरली. तत्कालीन चाके माती व तत्सम मिश्रणाची आणि कठीण असत. रस्त्यावरील लहानसा खडाही त्यांना अडवी आणि खेळाडू पुढे फेकला जाई. अपघात वाढल्याने अनेक शहरांनी स्केटबोर्डवर बंदी घातली. सत्तरच्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी यांनी युरेथेनची चाके बाजारात आणली. ही चाके किंचित दबतात, त्यामुळे रस्त्यावर पकड घेतात. जोराचे वळण घेणे, उतारावर शरीर झुकविणे हे प्रथमच शक्य झाले. चाकाच्या या बदलामुळे खेळाला दुसरा जन्म मिळाला.

झेफर : दुकान ते संघ :

सांता मोनिका शहराचा दक्षिण भाग व लगतचे व्हेनिस हा परिसर त्या काळी पडझड झालेला होता. तेथील पॅसिफिक ओशन पार्क हे धक्क्यावरील करमणूक केंद्र १९६७ मध्ये बंद पडले होते. त्याच्या मोडक्या खांबांमध्ये स्थानिक मुले सर्फिंग करीत. ‘डॉगटाउन’ हे या वस्तीचे प्रचलित नाव होय. येथे जेफ हो, स्किप एंगब्लॉम आणि क्रेग स्टेसिक यांनी सर्फबोर्डचे दुकान चालविले. झेफर हे त्यांच्या फळ्यांचे नाव.

दुकानाचा आधी सर्फिंग संघ होता. त्यातूनच १९७५ मध्ये बारा जणांचा स्केटबोर्ड संघ उभा राहिला. जे अ‍ॅडम्स, टोनी अल्वा, स्टेसी पेराल्टा, शोगो कुबो आदी मुलांबरोबर पेगी ओकी ही एकमेव मुलगी त्यात होती. सकाळी लाटा चांगल्या असत. दुपारी वारा सुटला की मुले स्केटबोर्डकडे वळत. दुकानाजवळील बिकनेल टेकडीचा उतार आणि शाळांच्या आवारातील डांबरी उतार ही त्यांची सरावाची मैदाने होती. दुकानाने त्यांना फळी दिली, संघाचा सदरा दिला आणि बसायला-उठायला जागा दिली. तथापि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शैलीचा आग्रह. युक्ती जमली एवढे पुरेसे नव्हते. ती कशी केली, हे सोबत्यांच्या नजरेस उतरावे लागे. या अर्थाने दुकान ही तालीमच होती.

डेल मार स्पर्धा :

१९७५ च्या वसंत ऋतूत सॅन दिएगोजवळील डेल मार येथील जत्रेच्या मैदानावर ही राष्ट्रीय स्पर्धा झाली. बाने ही फळ्यांची कंपनी आणि कॅडिलॅक चाके यांचे पाठबळ तिला होते. स्लॅलम, म्हणजे उतारावर मांडलेल्या शंकूंमधून नागमोडी वळणे घेत वेगाने जाणे, आणि मुक्त शैली असे प्रमुख प्रकार होते.

या दोन प्रकारांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. स्लॅलमचा निकाल घड्याळ देते. मुक्त शैलीचा निकाल परीक्षक देतात. परीक्षकांच्या नजरेला सवय होती ती साठच्या दशकातील कसरतींची : ताठ उभे राहून गोल फिरणे, फळीवर हातांवर उभे राहणे, दोन चाकांवर चालणे. झेफरची मुले गुडघे पूर्ण वाकवून, जवळजवळ जमिनीला टेकून आली. हवाईचा सर्फर लॅरी बर्टलमन लाटेवर हात टेकवून वळण घेई. तेच वळण त्यांनी फळ्यांच्या मंचावर हात टेकवून घेतले. कसरतींची बेरीज करणाऱ्या गुणपद्धतीत या प्रवाही हालचालीला जागाच नव्हती. तरीही पेगी ओकी हिने महिलांच्या मुक्त शैलीत पहिला क्रमांक पटकावला, आणि प्रेक्षकांत चर्चा झाली ती प्रामुख्याने निळ्या सदऱ्यांतील या संघाची.

येथे संघाचे खरे कार्य दिसून येते. एकट्या मुलाने अशी शैली दाखविली असती तर ती चूक किंवा विक्षिप्तपणा ठरली असता. एकाच दुकानाच्या अनेकांनी ती दाखविल्यामुळे ती ‘पद्धती’ ठरली. कुस्तीत घराण्याचा डाव ओळखू यावा, तसे हे घडले.

यशाची किंमत :

डेल मारनंतर संघ फार काळ टिकला नाही. मोठ्या उत्पादकांनी खेळाडूंना मोबदला व स्वतःच्या नावाची फळी देऊ केली. दुकान फळी व सदरा देऊ शकत होते. पगार देणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. खेळाडू एकेक करून गेले आणि १९७६ मध्ये दुकानही बंद झाले. टोनी अल्वा यांनी १९७७ मध्ये स्वतःची कंपनी काढली. पेराल्टा यांनी पुढे जॉर्ज पॉवेल यांच्यासह कंपनी उभारून ‘बोन्स ब्रिगेड’ हा संघ घडविला. टोनी हॉक त्याच संघातून पुढे आले. पेराल्टा यांनीच २००१ मध्ये ‘डॉगटाउन अँड झी-बॉइज’ या माहितीपटाद्वारे झेफरची कथा जगापुढे मांडली.

यात खेळाडूंना दोष देणे अन्यायाचे होईल. गरीब वस्तीतील किशोरवयीनांना मिळालेली ती पहिलीच आर्थिक संधी होती. परंतु ज्या संस्थेने त्यांना घडविले तिला त्या यशातील वाटा मिळाला नाही, हेही तितकेच खरे आहे.

दुकान-संघाचे आजचे स्थान :

दुकान-संघ आजही नवोदितांची पहिली पायरी मानला जातो. युरोपातील ‘व्हॅन्स शॉप रायट’ ही स्पर्धामालिका खास दुकान-संघांसाठी आहे. प्रथम देशपातळीवर दुकाने परस्परांशी भिडतात आणि तेथील विजेते युरोपच्या अंतिम फेरीत उतरतात. येथे एका खेळाडूच्या झळाळीपेक्षा सर्वांची मिळून कामगिरी पाहिली जाते. याउलट टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, या खेळाचा प्रथम समावेश झाला तो वैयक्तिक प्रकार म्हणूनच. गुजरातमधील २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही स्केटबोर्डपटू उतरले ते आपापल्या राज्याच्या नावाने. अशा व्यासपीठांवर दुकानाचे नाव दिसत नाही. २०२० पासून १९ फेब्रुवारी हा दिवस ‘स्केट शॉप दिन’ म्हणून पाळला जातो, यामागे हीच खंत असावी.

निष्कर्ष :

१. दुकान-संघाचा उगम जाहिरातीत असला, तरी झेफरच्या बाबतीत त्याने जागा, साधने आणि शैली देणाऱ्या संस्थेचे कार्य केले.
२. डेल मार येथे संघाने जिंकलेल्या क्रमांकांपेक्षा खेळाचे निकष बदलण्यास दिलेली चालना अधिक महत्त्वाची ठरली.
३. खेळाडू घडविणारी संस्था आणि खेळाडूच्या यशाचा लाभ घेणारी संस्था भिन्न असल्यास पहिली टिकणे कठीण होते.

समारोप :

तिसरा निष्कर्ष केवळ कॅलिफोर्नियापुरता नाही. गावातील तालीम, वस्तीतील व्यायामशाळा आणि महाविद्यालयाचे मैदान यांनाही तो लागू पडतो. पदक मिळाल्यावर खेळाडूचा सत्कार होतो. त्याने पहिले पाऊल टाकले त्या जागेचे भाडे कोण भरते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. क्रीडाधोरणाचा विचार करताना तो विचारला जाणे अगत्याचे आहे.