त्वचेचा रोग सांध्यात उतरतो तेव्हा

उमरग्यासारख्या तालुक्याच्या गावी सांधे दुखू लागले, की पहिले निदान घरातच होते. जुनी माणसे ‘वात आहे’ म्हणतात. 2006 साली मराठवाड्यात चिकुनगुनियाची साथ आल्यापासून त्यात तेही एक नाव वाढले. पण सांधेदुखीच्या एका प्रकाराची खूण सांध्यांपेक्षा कातडीवर आणि नखांवर शोधावी लागते. हा प्रकार म्हणजे सोरायसिसबरोबर येणारा संधिवात.

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींना चिथावते. त्वचेच्या पेशी तयार होऊन पृष्ठभागावर यायला एरवी काही आठवडे लागतात; येथे त्या काही दिवसांतच येतात. त्यामुळे कोपर, गुडघे, डोके येथे रुपेरी खवल्यांचे चट्टे उठतात. हाच दाह काही रुग्णांच्या सांध्यांतही सुरू होतो. बहुधा चट्टे आधी आणि सांधेदुखी काही वर्षांनी येते. क्वचित क्रम उलटाही असतो.

याची लक्षणे कशी ओळखावीत? बोटांच्या टोकाजवळचे सांधे दुखतात. एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सबंध सुजते. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे दिसतात, नख खालच्या मांसापासून सुटते. स्नायुरज्जू हाडाला चिकटतो तेथेही दाह होत असल्याने टाच दुखते. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक काळ अंग आखडलेले राहते आणि हालचालीने मोकळे होते. झिजेच्या गुडघेदुखीत मात्र श्रमाने दुखणे वाढते. आमवातासाठीची नेहमीची रक्ततपासणी येथे बहुधा निर्दोष येते. तेवढ्यावरून ‘काही नाही’ असे समजू नये.

दुर्लक्ष झाल्यास हाड झिजून सांधा कायमचा वाकडा होतो. डोळ्याच्या आतील भागाला दाह झाल्यास डोळा लाल होतो, दुखतो, उजेड सोसत नाही. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टीला धोका असतो. अशा रुग्णांत हृदयविकार व मधुमेहाचे प्रमाणही अधिक आढळते.

झिजलेले हाड पूर्ववत होत नाही, म्हणून लवकर निदान महत्त्वाचे. मेथोट्रेक्झेटसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. चटकन आराम देणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊन अचानक थांबवल्यास चट्टे भडकू शकतात.

वर्गात एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. सोरायसिस म्हणजे कुष्ठरोग नव्हे आणि तो स्पर्शाने पसरत नाही. चट्टे असलेल्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवण्याचे काहीच कारण नाही. त्याचे बोट सुजले आहे का, सकाळी पेन धरताना त्रास होतो का, हे विचारणे मात्र उपयोगाचे आहे.