बँकेची शाखा मोहल्ल्यात का येत नाही?

भारतीय स्टेट बँक ही देशातील सर्वांत मोठी बँक. लेह-लडाखपासून अंदमानपर्यंत तिच्या बावीस हजारांहून जास्त शाखा आहेत. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या वस्तीतून बँकेत जायचे म्हणजे रिक्षाचे भाडे मोजावे लागते आणि अर्धा दिवस मोडतो. मुलीची शिष्यवृत्ती, आजीचे निराधार योजनेचे अनुदान, लाडकी बहीण योजनेचे पैसे हे सारे आता थेट खात्यात जमा होते. खात्यात काही अडचण आली की शाखा गाठावीच लागते. रोजंदारीवर जगणाऱ्या आईला त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. एक-दोन चकरांनंतर अशा आया शिष्यवृत्तीचा नादच सोडून देतात, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो.

मग शाखा कुठे उघडायची हे कोण ठरवते आणि कशावरून?

व्यापार आणि कचेरीच्या मागे

स्टेट बँकेचे मूळ इंग्रजी अमदानीतल्या तीन बँकांमध्ये आहे: बँक ऑफ बंगाल, बँक ऑफ बॉम्बे आणि बँक ऑफ मद्रास. 1921 साली त्या एकत्र येऊन इम्पीरियल बँक झाली. बंदरे, व्यापारी पेठा आणि सरकारी खजिना जिथे, तिथे तिच्या शाखा. आजही अनेक जिल्ह्यांच्या गावी स्टेट बँकेची जुनी, मुख्य शाखा जिल्हाधिकारी कचेरीच्या आसपासच दिसते, ती यामुळेच. शेतकरी, विणकर, छोटा कारागीर या नकाशात कुठेच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने ग्रामीण कर्जाची पाहणी केली. अ. दि. गोरवाला यांच्या समितीचा अहवाल 1954 साली आला. पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ या समितीचे सदस्य होते. खेड्यातल्या कर्जापैकी सुमारे 70 टक्के सावकारांकडून येत होते आणि व्यापारी बँकांचा वाटा 1 टक्कासुद्धा नव्हता. यावर उपाय म्हणून 1 जुलै 1955 रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली गेली आणि तिने ती पुरी केली.

1969 साली 14 मोठ्या खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वेळी देशात सर्व बँकांच्या मिळून आठ हजारांच्या वर शाखा होत्या, म्हणजे सुमारे 64 हजार लोकांमागे एक. त्याच वर्षी गाडगीळांच्या अभ्यासगटाने सुचवल्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेला देण्याचे ठरले. तीच आपली अग्रणी बँक. 1977 ते 1990 या काळात तर नियमच होता की, बँक असलेल्या गावात एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या चार गावांत शाखा उघडून दाखवायच्या. 1990 पर्यंत सुमारे 14 हजार लोकांमागे एक शाखा झाली. नफ्याच्या गणिताने या शाखा खेड्यात गेल्या नसत्या. सरकारने सक्ती केली, म्हणून गेल्या.

1990 नंतर हा नियम गेला. पुढे नव्या शाखांपैकी किमान 25 टक्के बँक नसलेल्या ग्रामीण भागात असाव्यात, असे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले.

मराठवाड्यातील वाचकांना हैदराबाद बँक आठवत असेल. निजामाच्या राज्यात 1941 साली ती सुरू झाली आणि उस्मानिया सिक्क्याचा कारभार तिच्याकडे होता. 1 एप्रिल 2017 रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. त्यानंतर जवळजवळ असलेल्या शाखा एकत्र करणे किंवा हलवणे सुरू झाले. बँकेच्या हिशेबाने हे बरोबरच होते. पण एका पेठेत दोन शाखा होत्या, त्यातली एक हलली तर ती कुठे जावी, हे विचारणारे लोक त्या गावात असायला हवेत.

शहराच्या आकड्यात मोहल्ला हरवतो

नियमांमध्ये एक मोठी फट आहे. रिझर्व्ह बँक लोकसंख्येवरून गावांचे चार प्रकार करते. 10 हजारांच्या आत ग्रामीण, 10 हजार ते 1 लाखाच्या आत निमशहरी, 1 ते 10 लाखांच्या आत शहरी आणि त्यापुढे महानगर. नव्या शाखांची सक्ती मुख्यतः ग्रामीण भागासाठी. 2011 च्या जनगणनेनुसार भिवंडीची लोकसंख्या 7 लाखांहून अधिक, मालेगावची पावणेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे दोन्ही शहरी. यंत्रमागाच्या खडखडाटात राहणारे तिथले मजुरांचे मोहल्ले कागदावर शहराचाच भाग ठरतात. मुख्य रस्त्यावर ओळीने आठ शाखा असल्या तर शहराचा आकडा छान दिसतो. पण त्या आकड्यातून मागच्या दाट वस्तीचे काहीच कळत नाही.

न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर समितीने 2006 साली हेच दुखणे मांडले. काही बँका ठरावीक भागांना ‘नकारात्मक क्षेत्र’ मानून तिथे कर्ज द्यायला नाखूष असतात, याची नोंद तिने केली. अग्रक्रम क्षेत्रातील कर्जखात्यांत मुसलमानांचा वाटा सुमारे 12 टक्के असला तरी कर्जाच्या रकमेत तो सुमारे साडेचार टक्केच होता. रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत अल्पसंख्याकबहुल अशा 121 जिल्ह्यांची यादी असते आणि तिथे कर्जवाटपाकडे विशेष लक्ष द्यावे, असे बँकांना सांगितलेले असते. परभणी, हिंगोली, वाशिम, बुलढाणा हे आपले जिल्हे त्या यादीत आहेत. मात्र ही यादीसुद्धा जिल्ह्याची आहे, मोहल्ल्याची नाही.

बँकमित्र पुरेसा आहे का?

आज अनेक ठिकाणी शाखेऐवजी ग्राहक सेवा केंद्र किंवा बँकमित्र असतो. अंगठा लावून पैसे काढणे, भरणे, साधे बचत खाते उघडणे ही कामे तिथे होतात. पर्दानशीन भगिनींना आणि वृद्धांना याचा मोठा आधार आहे. पण लॉकर तिथे नसतो आणि कर्जाचा निर्णय शेवटी शाखेतच होतो. शिलाईच्या चार मशिनी टाकू पाहणाऱ्या भगिनीला ओळखणारा, तिचे काम डोळ्यांनी पाहिलेला शाखाधिकारी जवळ असणे यात फार फरक आहे. म्हणून केंद्र मिळाले तर जरूर घ्यावे, पण शाखेची मागणी सोडू नये.

व्याजाचा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याबाबत आपापल्या आलिमांना विचारावे. चालू खात्यावर बँक व्याज देत नाही, एवढे लक्षात ठेवावे. पण शिष्यवृत्ती, पेन्शन, पगार, हजसाठी साठवलेली रक्कम आणि दागिन्यांची सुरक्षितता यासाठी बँक जवळ असणे प्रत्येक घराची गरज आहे.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा सल्लागार समिती असते आणि ती दर तिमाहीला बसते. अग्रणी जिल्हा व्यवस्थापक तिचे कामकाज पाहतात. राज्य पातळीवर अशीच समिती असून महाराष्ट्रात तिची जबाबदारी बँक ऑफ महाराष्ट्रकडे आहे. शाखेची मागणी करण्याची ही योग्य दारे आहेत, पण नुसत्या तक्रारीने ती उघडत नाहीत. बँकेला आकडे लागतात.

मशीद कमिटी, बचत गट आणि शाळेचे पालक यांनी मिळून एक साधी पाहणी करावी. वस्तीत घरे किती, शिष्यवृत्ती घेणारी मुले किती, पेन्शनवाले किती, दुकाने, कारखाने, यंत्रमाग किती, त्यांची महिन्याची उलाढाल अंदाजे किती, सर्वांत जवळची शाखा किती लांब आणि जाण्यायेण्याचे भाडे किती. शाखेला भाड्याने देता येईल अशी रस्त्यालगतची जागा असेल तर तीही अर्जात लिहावी. प्रत्येक गावाला 5 किलोमीटरच्या आत बँकसेवा मिळावी, हे रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक समावेशन धोरणाचे उद्दिष्ट आहे. खेड्यातल्या वाचकांनी ग्रामसभेच्या ठरावात त्याचा उल्लेख करावा. शहरातल्या वाचकांनी नगरसेवकाला सोबत घेऊन वस्तीची लोकसंख्या वेगळी दाखवावी.

एका अर्जाने काम होईलच असे नाही. पुढच्या तिमाहीला पुन्हा विचारावे लागेल, उत्तर लेखी मागावे लागेल. ही पाहणी नववी-दहावीच्या मुलामुलींकडून करून घेतली तर त्यांना आपल्या वस्तीचा हिशेब मांडता येईल. शाखा कधी येईल ते अल्लाहलाच ठाऊक, पण वस्तीचे आकडे आपल्या हातात असतील. त्याच आकड्यांवर उद्या दवाखाना मागता येईल आणि शाळेची खोलीही.