सावलीतली जमीन

घराच्या आवारात मोठी झाडे असावीत, त्यांची गर्द सावली असावी, असे कोणाला वाटत नाही? परंतु त्या सावलीत काय लावावे, हा प्रश्न आला की हौशी माणूसही विचारात पडतो. बंगळूरच्या मल्लेश्वरम् वसाहतीतील जुन्या घरांपुढे हा प्रश्न आजही उभा आहे.

१८९८ साली बंगळुरात प्लेग आला आणि त्यानंतर मोकळ्या हवेसाठी ही वसाहत वसविण्यात आली. तिला जेथून नाव मिळाले त्या काडु मल्लेश्वर मंदिराच्या इतिहासात व्यंकोजीराजांच्या १६६९ सालच्या दानलेखाचा उल्लेख येतो, म्हणून मराठी माणसाला ही जागा परकी वाटू नये. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान, आणि येथील मुख्य रस्त्याचे नाव ‘संपिगे’ म्हणजे सोनचाफा. जे बैठे बंगले अजून उरले आहेत, त्यांच्या अंगणात आंबा, फणस आणि नारळ आहेत. पण त्यांच्या बुंध्याभोवतीची जमीन पुष्कळदा उघडी असते.

अशा जागी लोक प्रथम हिरवळ लावतात. गवताला भरपूर ऊन हवे असते. त्यामुळे ती विरळ होते आणि वर्षभरात मरते. मग कंटाळून फरशी घातली जाते. अंगण स्वच्छ दिसते खरे, परंतु पावसाचे पाणी मुरण्याऐवजी गटारात जाते आणि झाडांच्या मुळांना हवा व ओल मिळेनाशी होते. ज्या सावलीसाठी आपण तेथे बसतो, तिचेच मूळ आपण असे हळूहळू आवळीत असतो.

युरोपातील बागांत अशा जागी लंगवर्ट नावाची वनस्पती लावतात. तिच्या पानांवरील पांढरे ठिपके फुप्फुसासारखे दिसतात म्हणून तिला हे नाव पडले, आणि त्या साम्यावरूनच पूर्वी तिला छातीच्या विकारांवरचे औषध मानीत. परंतु ती थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली. बंगळूर ९०० मीटर उंचीवर असले, तरी त्या थंडीची सर येथे नाही. तिचे काम करणारी आपल्याकडील वनस्पती म्हणजे कारिवणा, अर्थात मंडूकपर्णी. कन्नडमध्ये तिला ‘ओंदेलग’ म्हणतात. मूत्रपिंडाच्या आकाराची तिची पाने जमिनीलगत पसरतात, आणि धावती खोडे पेरापेरांवर मुळे धरतात. जमीन झाकली गेली की थेंबांचा मार मातीवर बसत नाही व ओल टिकते. शिवाय कोवळ्या पानांची चटणी किंवा ताकातली तंबुळीही होते.

लागवड जूनमध्ये करावी. मुळे न तोडता वरची तीन-चार इंच माती हलकी करून तीत कुजलेला पालापाचोळा मिसळावा. पेरासकट तोडलेले तुकडे सहा ते नऊ इंचांवर लावावेत. बुंध्यालगत मातीचा ढीग करू नये. पहिले दोन महिने तण काढावे लागते. पुढे वेलच तणाला जागा देत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल मात्र पाणी द्यावे लागते, कारण हिला ओल प्रिय आहे. जेथे जमीन फार कोरडी, तेथे क्लोरोफायटमसारखी चिवट झाडे बरी. पाने खावयाची असतील तर सांडपाण्याजवळ ती लावू नयेत. पिवळ्या फुलांचा वेडेलिया झपाट्याने पसरतो, हे खरे. परंतु तो कुंपणाबाहेर जाऊन इतर वनस्पतींना मारतो, म्हणून त्याचा मोह टाळावा.

एवढे केले म्हणजे झाडाखाली चालण्याची वाट तेवढी मोकळी राहील, आणि बाकीच्या जमिनीवर पाऊस पडला की तो तेथेच मुरेल. जुन्या झाडांच्या संगोपनासाठी याहून स्वस्त उपाय शोधूनही सापडणार नाही. त्यासाठी थोडी माती, थोडी ओल आणि फरशी घालण्याची घाई न करण्याइतका धीर पुरेसा आहे.